पारिजातक : वैद्याचा, चित्रकाराचा आणि शास्त्रज्ञाचा

गोमंतकातील जुन्या घरांच्या परसात किंवा देवळाच्या आवारात पारिजातकाचे झाड सहज आढळते. श्रावण-भाद्रपदाच्या पहाटे त्याखाली पांढऱ्या पाकळ्यांचा आणि केशरी देठांचा सडा पडलेला असतो. एरवी जमिनीवर पडलेले फूल देवाला चालत नाही. या फुलाला मात्र ती मुभा आहे. सूर्य वर येईपर्यंत फुले मलूल होतात आणि दिवसभर झाड जणू काही घडलेच नाही अशा थाटात उभे राहते.

इतकी ओळखीची ही वस्तू. पण तिच्याकडे वैद्य पाहतो तेव्हा त्याला काय दिसते? चित्रकाराला काय दिसते? फुलाची चिरफाड करून भिंगाखाली धरणाऱ्या शास्त्रज्ञाला काय दिसते? या प्रश्नांची उत्तरे तर्काने देण्याची गरज नाही. सोळाव्या ते अठराव्या शतकांच्या दरम्यान गोवा, कोची, ॲम्स्टरडॅम आणि स्वीडनमधील उप्साला या चार ठिकाणी याच झाडाचे निरीक्षण झाले आणि त्याची नोंद ग्रंथांत उरली आहे. त्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या की एक गोष्ट ध्यानात येते. वस्तू एकच असली तरी पाहणारा जो प्रश्न घेऊन येतो, त्या प्रश्नापुरतीच ती त्याला दिसते; आणि एकाच्या नजरेतून सुटलेले दुसऱ्याच्या नोंदीत सापडते.

नावातले चित्र

भारतीय वैद्यकाने वनस्पतींची चित्रे काढण्याची मोठी परंपरा निर्माण केली नाही. त्याऐवजी त्याने निघंटू रचले. निघंटू म्हणजे वनस्पतींच्या पर्यायी नावांचा आणि गुणांचा कोश. वरवर पाहता ही केवळ शब्दांची माळ वाटते. पण यातील पुष्कळ नावे ही निरीक्षणेच आहेत. पारिजातकाच्या संस्कृत नावांत ‘नालकुंकुमक’ असे एक नाव आहे : ज्याची नळी, म्हणजे फुलाचा देठासारखा भाग, केशराच्या रंगाची आहे तो. ‘रजनीहास’ हे दुसरे : जो रात्री हसतो, म्हणजे फुलतो, तो. ‘खरपत्रक’ हे तिसरे : ज्याचे पान खरखरीत आहे तो.

यांतील तिसरे नाव विशेष महत्त्वाचे आहे. पारिजातकाचे पान इतके खरखरीत असते की लाकूड व हस्तिदंत घासून गुळगुळीत करण्यासाठी कारागीर ते वापरीत. हा खरखरीतपणा डोळ्यांना दिसत नाही, तो बोटांना कळतो. कोणत्याही चित्रकाराला तो कागदावर पूर्णपणे उतरवता येणार नाही. वैद्य मात्र पान तोडतो, चुरगळतो, चाखतो, वास घेतो. त्याचे ज्ञान हाताचे, जिभेचे आणि नाकाचे असते. रस, वीर्य, विपाक ही त्याची परिभाषा डोळ्यांपुरती मर्यादित राहत नाही. म्हणूनच त्याने वस्तूचे चित्र नावात साठवले, आणि पाठांतराने ते पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले.

या पद्धतीत एक उणीव होती. ज्याने झाड कधीच पाहिलेले नाही, त्याला केवळ नावांच्या आधारे ते ओळखता येईलच असे नाही. गुरूने झाड बोटाने दाखवल्याखेरीज निघंटूचे ज्ञान पुरे होत नसे.

गोव्यातील संवाद

१५३४ मध्ये मार्तिम अफोन्सो द सोझा यांच्याबरोबर गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात आला आणि उरलेले सारे आयुष्य त्याने येथेच घालवले. गोव्यात त्याची बाग होती. मुंबईचे बेटही पोर्तुगीज राजाकडून त्याला भाडेपट्ट्याने मिळाले होते. १५६३ च्या एप्रिल महिन्यात गोव्यातच त्याचा ‘कोलोकियुश’ हा ग्रंथ छापून प्रसिद्ध झाला. भारतातील औषधी द्रव्यांविषयीचे हे संवाद आहेत. एका बाजूला स्वतः ऑर्ता आणि दुसऱ्या बाजूला स्पेनमधून नुकताच आलेला, प्राचीन ग्रंथांवर श्रद्धा असलेला रुआनो नावाचा एक कल्पित वैद्य, अशी त्याची रचना आहे. मालुपा नावाचा एक हिंदू वैद्यही एका संवादात बोलताना दिसतो.

ऑर्ताचा बाणा स्पष्ट होता. ग्रीक वैद्य गॅलेन किंवा डायॉस्कोरिडीझ काय म्हणतात यापेक्षा झाड प्रत्यक्षात काय सांगते याला तो मान देई. आपण स्पेनमध्ये असतो तर गॅलेनच्या विरोधात बोलण्याचे धाडस केले नसते, अशा अर्थाची कबुलीही त्याने दिली आहे. पारिजातकाला त्याने ‘दुःखी झाड’ म्हटले आहे, कारण ते दिवसा फुले टाकून देते. त्याच्या केशरी देठांचा उपयोग अन्नाला रंग आणण्यासाठी केशराप्रमाणे होतो, हे त्याने नोंदवले. इतकेच नव्हे, तर येथील लोकांकडून ऐकलेली कथाही त्याने दिली : पारिजातक नावाच्या एका मोठ्या सरदाराची कन्या सूर्यावर अनुरक्त झाली, सूर्याने तिचा त्याग केला, तिने प्राणत्याग केला आणि तिच्या राखेतून हे झाड उगवले. म्हणूनच त्याची फुले सूर्याचे तोंड पाहत नाहीत.

ऑर्ताच्या ग्रंथात चित्र एकही नाही. न पाहिलेले झाड वाचकांच्या डोळ्यांपुढे उभे करण्यासाठी त्याला युरोपातील ओळखीच्या झाडांच्या उपमा वापराव्या लागल्या. त्याच्या संवादांत वास आहे, रंग आहे, बाजारभाव आहे, स्वयंपाकघर आहे, लोककथा आहे; पण पानाची कड कशी असते किंवा कळ्या फांदीवर कशा लागतात हे त्यातून नेमके कळत नाही. या उणिवेची जाणीव पुढील पिढीला झाली. क्लूसियसने १५६७ मध्ये अँटवर्प येथून या ग्रंथाचा संक्षिप्त लॅटिन अवतार काढला आणि तो युरोपभर पोचला. १५६८ मध्ये गोव्यात आलेल्या क्रिश्टोव्हाँ द कोश्ता या वैद्याने १५७८ मध्ये स्पेनमधील बुर्गोस येथे स्पॅनिश भाषेत आपला ग्रंथ छापला. ऑर्ताच्या मजकुराचा त्याने भरपूर आधार घेतला, परंतु वनस्पतींची चित्रेही जोडली. ती लाकडी ठशांवरून छापलेली होती. लाकडावर कोरलेली रेघ जाड येते, बारकावे त्यात मावत नाहीत. तरीही शब्दाच्या शेजारी चित्र येऊन बसले होते.

खुद्द ऑर्ताच्या वाट्याला मात्र कठोर दैव आले. १५६८ मध्ये तो मरण पावला. त्याच्या घराण्याचे मूळ ज्यू होते. १५६९ मध्ये गोव्याच्या इन्क्विझिशनने त्याच्या बहिणीला जाळले आणि १५८० मध्ये त्याची स्वतःची हाडे उकरून ती जाळली. त्याचा ग्रंथ तेवढा वाचला.

कोचीचा कारखाना

यानंतर सुमारे शंभर वर्षांनी मलबारच्या किनाऱ्यावर डचांची सत्ता होती. १६७० ते १६७७ या काळात कोचीचा प्रमुख असलेला हेन्रिक व्हॅन रीड हा पेशाने सैनिक आणि प्रशासक होता, वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हता. आपल्या लोकांना लागणारी औषधे दूर युरोपातून मागवण्याऐवजी इथल्याच रानातून मिळतील का, हा त्याचा व्यवहारी प्रश्न होता. त्या प्रश्नातून जे काम उभे राहिले त्याला ‘होर्तुस मलबारिकुस’, म्हणजे ‘मलबारचे उद्यान’, असे नाव आहे. १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅममध्ये त्याचे बारा खंड प्रसिद्ध झाले. त्यांत सातशेहून अधिक वनस्पतींची वर्णने व चित्रे आहेत. स्वतः व्हॅन रीड १६९१ मध्ये सुरतेच्या वाटेवर समुद्रातच वारला. त्याची भव्य कबर सुरतेत आहे. शेवटचे खंड त्याने पाहिले नाहीत.

या कामाची रीत त्याने प्रस्तावनेत सांगून ठेवली आहे आणि ती आजही लक्षपूर्वक पाहण्याजोगी आहे. प्रथम स्थानिक वैद्यांनी आपापल्या भाषेत नेहमीच्या वनस्पतींच्या याद्या केल्या. मग कोणत्या झाडाला कोणत्या ऋतूत पाने, फुले, फळे येतात त्याप्रमाणे त्यांची विभागणी झाली. ही ऋतुवार यादी घेऊन झाडांची पारख असलेले लोक तिघा-तिघांच्या तुकड्यांनी रानात जात, उंच झाडांच्या शेंड्यांपर्यंत चढून फांद्या आणत. फांदी येताच तीन-चार चित्रकार ती ताजी असतानाच तिचे चित्र काढीत. चित्रालगत वर्णन लिहिले जाई, तेही बहुधा व्हॅन रीडच्या उपस्थितीत. मल्याळममधील माहिती आधी पोर्तुगीजमध्ये आणि मग लॅटिनमध्ये जाई.

म्हणजे एका फांदीभोवती वैद्य, झाडावर चढणारा, चित्रकार, दुभाषी आणि लॅटिनचा जाणकार असे पाच प्रकारचे लोक उभे होते. इट्टी अच्युतन हे एळवा समाजातील वैद्य त्यांत प्रमुख होते. त्यांच्याबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि आप्पू भट हे तीन कोंकणी ब्राह्मण वैद्य होते. पोर्तुगीज अमलाच्या जाचामुळे गोवा सोडून कोचीकडे गेलेल्या समाजातील ही मंडळी. आपल्याजवळच्या निघंटूच्या आधारे आपण ही माहिती दिली, अशी साक्ष त्यांनी लिहून दिली. एप्रिल १६७५ मधील ही साक्ष कोंकणी भाषेत आणि देवनागरी लिपीत आहे, आणि ती पहिल्या खंडात जशीच्या तशी कोरून छापली आहे. युरोपात देवनागरी अक्षरे छापली गेली त्याच्या अगदी आरंभीच्या उदाहरणांत तिची गणना होते. चित्रांवरही वनस्पतींची नावे रोमन, मल्याळम, अरबी आणि नागरी लिप्यांत दिली आहेत. गोव्यातून परागंदा झालेल्या समाजाची अक्षरे अशा रीतीने गोव्याच्या पोर्तुगीजांशी लढणाऱ्या डचांच्या ग्रंथात जाऊन बसली.

चित्रकाराची सत्ये आणि मर्यादा

चित्रकारांपैकी आंतोनी गुटकिंट आणि मार्सेलिस स्प्लिंटर यांची नावे उरली आहेत. त्यांच्यापुढील अडचण साधी नव्हती. प्रत्यक्ष फांदीवर एखादे पान किडलेले असते, एखादे सुकलेले. तेच हुबेहूब काढले तर ते त्या फांदीचे चित्र होईल, त्या जातीचे होणार नाही. शिवाय फूल एका महिन्यात येते आणि फळ दुसऱ्या. वनस्पतीची ओळख पटवण्यासाठी दोन्ही लागतात. म्हणून वनस्पतींची चित्रे काढणारा कळी, फूल आणि पिकलेले फळ एकाच फांदीवर किंवा एकाच पानावर आणून बसवतो. निसर्गात असे दृश्य क्वचितच दिसेल. पण ही तडजोड खोटेपणाची नव्हे. अनेक दिवसांच्या निरीक्षणाचे सार एका क्षणात दाखवण्याची ती युक्ती आहे.

मर्यादाही होत्या. ही चित्रे पुढे ॲम्स्टरडॅममध्ये तांब्याच्या पत्र्यावर कोरली गेली. तांब्याची रेघ लाकडापेक्षा पुष्कळ बारीक येते, हा मोठा लाभ. पण पत्र्यावर जसे कोरावे त्याच्या उलट कागदावर उमटते. कोरणाऱ्याने काळजी घेतली नाही तर उजवीकडे वळणारी वेल डावीकडे वळते. चित्राच्या सौंदर्याला त्याने बाध येत नाही. वेलींच्या पिळाची दिशा तपासणाऱ्या शास्त्रज्ञाची मात्र फसगत होते.

दुसरी मर्यादा रंगाची. ग्रंथ काळ्या शाईत छापला गेला. पारिजातकाची सारी शोभा पांढऱ्या आणि केशरी रंगांच्या जोडीत आहे, आणि नेमकी तीच चित्रात येऊ शकली नाही. पण त्याच चित्राबरोबर मल्याळम नाव छापले आहे : ‘मंज-पू-मरम’, म्हणजे पिवळ्या फुलाचे झाड. चित्राने गमावलेला रंग नावाने राखून ठेवला. निघंटूकारांच्या ‘नालकुंकुमक’ या नावाचे कार्यही हेच होते.

तिसरी मर्यादा सर्वांत खोल आहे. चित्रे काढली जात होती त्या १६७०च्या दशकात फुलांत नर-मादी असा भेद असतो हे शास्त्रात सिद्ध झालेले नव्हते. जर्मनीच्या कामेरारियुसने आपले प्रयोग १६९४ मध्ये प्रसिद्ध केले. त्यामुळे पुंकेसर किती आहेत हे मोजण्याचे कोणालाही कारण नव्हते. जो प्रश्न कोणी विचारलाच नव्हता त्याचे उत्तर चित्रकाराने कशाला द्यावे? पारिजातकाचे पुंकेसर तर फुलाच्या केशरी नळीतच दडलेले असतात. सुईने नळी उभी चिरल्याखेरीज ते दिसत नाहीत.

उप्सालाचा हिशेब

ही नळी चिरून पाहण्याचे महत्त्व स्वीडनच्या कार्ल लिनीअसने जगाला पटवले. १७३५ पासून त्याने पुंकेसरांच्या संख्येवर व मांडणीवर आधारलेली वर्गवारी रूढ केली. १७५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ‘स्पीशीज प्लांटारुम’ या ग्रंथापासून वनस्पतींच्या दोनपदी शास्त्रीय नावांचा आरंभ मानला जातो. त्यात सहाव्या पानावर पारिजातक आहे, दोन पुंकेसरांच्या वर्गात. लिनीअसने त्याला ‘निक्टँथस आर्बर-ट्रिस्टिस’ असे नाव दिले. पहिल्या शब्दाचा अर्थ रात्रीचे फूल, दुसऱ्याचा दुःखी झाड.

या नावात दोन शतकांचे पाहणे एकत्र आले आहे. पुंकेसर मोजणारा लिनीअस भारतात कधीच आला नव्हता. व्हॅन रीडच्या चित्रांवर मात्र त्याचा मोठा भरवसा होता. आणि जातीचे नाव देताना त्याने ऑर्ताने गोव्यात ऐकलेल्या कथेतील दुःखच उचलले. लोककथेचा एक धागा अशा रीतीने शास्त्राच्या कोरड्या नावात विणला गेला आणि आजतागायत तेथेच आहे.

मात्र केवळ मोजदाद केल्यानेही चूक होते. दोन पुंकेसरांच्या आधारे लिनीअसने मोगऱ्यालाही पारिजातकाच्याच प्रजातीत घातले होते. पुढे १७८९ मध्ये तो जाईच्या प्रजातीत हलवण्यात आला. दोघांचे कूळ मात्र एकच आहे, आणि ऑलिव्हचे झाडही त्याच कुळातले. फुले वेचणाऱ्या कोणाही स्त्रीने सांगितले असते की मोगरा वेलीसारखा झुडपी, त्याचे फूल तोडून घ्यावे लागते. पारिजातक झाडाजोगा, त्याचे फूल आपण होऊन गळते. तिचे निरीक्षण लिनीअसपर्यंत पोचण्याची सोय नव्हती.

वस्तूच्या जागी चित्र

व्हॅन रीडच्या ग्रंथाचा आरंभ नारळाच्या झाडापासून होतो. मल्याळम ‘तेंग’ या नावाने त्याची चित्रे पहिल्या खंडाच्या आरंभीच आहेत. लिनीअसने १७५३ मध्ये नारळाला शास्त्रीय नाव दिले तेव्हा या चित्रांचा हवाला दिला. वनस्पतिशास्त्राच्या नियमाप्रमाणे प्रत्येक शास्त्रीय नावाला एक प्रमाण-नमुना असावा लागतो. हे नाव नेमके कशाचे, असा वाद उद्भवल्यास तो नमुना निर्णायक ठरतो. साधारणतः वाळवून जपलेली फांदी ही जागा घेते. नारळाच्या बाबतीत १९७९ मध्ये मूर आणि ड्रान्सफील्ड या शास्त्रज्ञांनी हा मान ‘होर्तुस’मधील चित्रांना दिला. जगभरच्या किनाऱ्यांवर जितके माड उभे आहेत, त्या साऱ्यांच्या शास्त्रीय नावाचा अखेरचा पुरावा म्हणजे कोचीच्या त्या कामातील रेखांकन होय. चित्रकाराचा हात शास्त्राचा साक्षीदार ठरल्याचे यापेक्षा ठळक उदाहरण सापडणे कठीण.

पण साक्षीदाराची उलटतपासणीही करावी लागते. केरळमधील वनस्पतिशास्त्रज्ञ का. सु. मणिलाल यांनी आयुष्याची अनेक दशके या एकाच ग्रंथाला दिली. ग्रंथातील बहुतेक वनस्पती त्यांनी प्रत्यक्ष रानात जाऊन पुन्हा शोधल्या, चित्रांशी व वर्णनांशी ताडून पाहिल्या. त्यांचा संपूर्ण इंग्रजी अनुवाद २००३ मध्ये आणि मल्याळम अनुवाद २००८ मध्ये केरळ विद्यापीठाने प्रसिद्ध केला. व्हॅन रीडच्या माणसांनी रानातून आणलेली फांदी कागदावर गेली होती. मणिलालांनी कागदावरची फांदी परत रानात नेली. मल्याळम वैद्यांच्या तोंडची माहिती तीनशे वर्षे लॅटिनमध्ये बंदिस्त होती. ती त्यांच्या वंशजांच्या भाषेत परतली.

साक्षीचे मोल

आता हे सारे साक्षीदार एका ओळीत उभे केले तर काय दिसते? निघंटूकाराने पानाचा खरखरीतपणा सांगितला, तो चित्रात नाही. ऑर्ताने कथा आणि स्वयंपाकातील उपयोग सांगितला, तो निघंटूत त्या रूपात नाही. चित्रकाराने फांदीची ठेवण दाखवली, ती ऑर्ताच्या शब्दांत नाही. लिनीअसने नळीच्या आतील दोन पुंकेसर मोजले, ते इतर कोणीच पाहिले नव्हते. परंतु फुले वेचणारीला जे ठाऊक होते ते त्याला ठाऊक नव्हते. यांपैकी कोणाही एकाची नोंद नष्ट झाली असती तर पारिजातकाविषयीचे आपले ज्ञान तेवढ्यापुरते लंगडे राहिले असते. शास्त्रज्ञ वस्तूचे नियम शोधतो आणि कलावंत तिचे रूप, असे सोपे विधान नेहमी केले जाते. हा इतिहास सांगतो की दोघेही निवड करतात, दोघेही काही गाळतात, आणि म्हणूनच दोघांना एकमेकांची गरज असते.

साक्षीच्या बाबतीत सर्वांना सारखा न्याय मिळाला नाही, हेही नमूद केले पाहिजे. झाडांच्या शेंड्यांवर चढणाऱ्यांपैकी एकाचेही नाव ग्रंथात नाही. ऑर्ताला कथा कोणी सांगितली ते कळत नाही. रंगभट, विनायक पंडित आणि आप्पू भट हे आज माहीत आहेत ते त्यांचे एक पत्र छापण्याची बुद्धी व्हॅन रीडला झाली म्हणून. एक पान छापले गेले, आणि तीन माणसे विस्मृतीतून वाचली.

ऑर्ताची हाडे जाळणाऱ्यांना त्याचा ग्रंथ मात्र पुसून टाकता आला नाही. कुठल्या तरी कपाटात, कोणीतरी जपलेल्या मोजक्या प्रतींच्या रूपाने तो टिकला. ग्रंथालयाचे कार्य अखेर हेच आहे. वैद्याचे नाव, चित्रकाराची रेघ आणि शास्त्रज्ञाचा आकडा ही सारी अपुरी साक्षीपत्रे एका छपराखाली शेजारी शेजारी ठेवायची, म्हणजे पुढे येणाऱ्या वाचकाला ती ताडून पाहता येतील. पारिजातक दर पहाटे नव्याने फुले ढाळतो. ती कोणी, कधी, कशी पाहिली याची आठवण मात्र पुस्तकांनाच ठेवावी लागते.